टिल्लूची नक्कल

हॅलो?… हो, मीच. बोल ना… अगं नाही, घसा बसलेला नाही, हळू बोलतेय. टिल्लूचा आत्ताच डोळा लागलाय आतल्या खोलीत… माहीत आहे, दुपारचे तीन वाजलेत. नाही गेले आज दुकानात. काल पण नाही गेले. पडदे काय, पुढच्या आठवड्यात शिवून होतील. लोकांच्या खिडक्या कुठे पळून जात नाहीत.

बरं, बाबांनी काही सांगितलं का गं तुला?… मंगळवारी तुझ्याकडे आले तेव्हा. माझ्याबद्दल… काहीच नाही?… अगदी काहीच?… नाही गं, भांडण कसलं. सासऱ्यांशी भांडायची माझी हिंमत आहे का. आपलं सहज विचारलं.

काय?… बाबा काय करतात?… थांब, बाबांचं नंतर सांग. जेवतायत ना?… मग झालं. आधी माझं ऐकून घे. किती वेळा फोन लावला तुला सकाळपासून, आणि आता सापडली आहेस तर… हो, हो… अगं ऐक ना! एकदा थांबले की पुन्हा तोंड उघडायचं धाडस व्हायचं नाही माझं.

टिल्लूला काल दवाखान्यात नेलं… घाबरू नकोस, बरा आहे. म्हणजे बरा नाहीये, पण बरा होईल… पाय. उजवा. खुब्याच्या सांध्याला सूज आलीय, आत थोडं पाणी झालंय… नाही, पडला-बिडला नाही. कुणी ढकललंही नाही. आपोआप होतं म्हणे लहान मुलांना. सर्दी-पडसं होऊन जातं, आणि आठ-दहा दिवसांनी हे असं उपटतं… हो ना, मागच्या आठवड्यात नाक गळत होतं त्याचं. तुझ्या नव्या कोऱ्या बाहीला पुसलं नव्हतं का… मीही तेच विचारलं डॉक्टरीणबाईंना, नाकाचा आणि पायाचा काय संबंध. त्या म्हणाल्या, नक्की कशामुळे ते छातीठोक सांगता येत नाही, पण बऱ्याचदा असंच होतं.

रक्त तपासलं. सोनोग्राफी केली, त्यात ते पाणी दिसलं… ताप नाही, तीच चांगली गोष्ट. सांध्यात पू झाला असता तर ताबडतोब ऑपरेशन. तसलं काही नाहीये. आराम करायचा, पायावर भार द्यायचा नाही, आणि दुखण्यावरचं ते पातळ औषध. आठ-दहा दिवसांत जातं, फार तर दोन आठवडे. मागे काही राहत नाही. तीनदा विचारलं मी, तीनदा हेच सांगितलं त्यांनी. मधेच ताप आला किंवा दुखणं वाढलं, तर मात्र एक मिनिट घालवायचं नाही, उचलायचं आणि न्यायचं.

कधीपासून म्हणजे?… मंगळवारपासून… हो, मंगळवार… आणि नेलं गुरुवारी. मोजता येतं गं मला… अगं, कुठे दुखतंय तेच कळत नव्हतं. तो सारखा गुडघा गुडघा करत होता. खुब्याचं दुखणं मुलांना गुडघ्यात जाणवतं, हे मला बिचारीला काय ठाऊक… हो, चालताना दिसत होतं. तसं चालत होता ना तो… तसं म्हणजे तसं. तुला कळतंय मी काय म्हणतेय ते.

बघ, अजून तो शब्द जिभेवर येत नाही माझ्या. आणि यायला नको होता तेव्हा मात्र आला.

काही नाही… काही नाही म्हटलं ना!… बरं, सांगते. पण मधे बोलू नकोस. आणि बाबा जवळपास नाहीत ना?… गॅलरीत? दार लोटलेलं आहे?… ठीक.

तुला आठवतं, मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात तू मला स्वयंपाकघरात ओढून नेलं होतंस. वहिनी, बाबा वायरमन होते, खांबावरून पडले, तेव्हापासून तो शब्द आपल्या घरात कुणी काढत नाही. कुणाबद्दलच नाही. टेबलाचा एक पाय आखूड झाला, तर टेबल डुलतं. मुलं एका पायावर उड्या मारतात त्या खेळाला आपल्याकडे बेडूकउडी… हस, हस. टिल्लू शाळेत बेडूकउडी म्हणाला, तर सगळी पोरं चार पायांवर बसली होती. सात वर्षं पाळलं गं मी हे. माहेरी गेले तरी तोंडातून निघायचा नाही.

आणि मंगळवारी सकाळी… तुला टिल्लूचं नकला करण्याचं वेड माहीतच आहे. दूधवाल्याचं खाकरणं, त्याच्या वर्गबाईंचं चष्मा वर ढकलणं, तुझ्या नवऱ्याची ती लांबलचक जांभई… हो, ती पण करतो, तुझ्यासमोर करत नाही इतकंच. आणि दोष कुणाचा? माझाच. पाहुणे आले की मीच म्हणायची, टिल्लू, करून दाखव बरं. लोक हसले की माझी छाती फुगायची.

तर सकाळी आठला वरच्या मजल्यावरच्या वकीलबाई टपकल्या, पडद्याचं माप द्यायला. त्या दारात, मी टेप शोधतेय, आणि बाबा निघाले पॅसेजमधून गॅलरीकडे. रोजच्यासारखे, भिंतीला हात लावत. आणि मागून टिल्लू. झोपेतून उठलेला, केस पिंजारलेले, तोही भिंतीला हात लावत, आणि… तसाच. पुढे आजोबा तसे, मागे नातू तसा. वकीलबाई खो-खो हसल्या. म्हणाल्या, अगं बाई, नातू हुबेहूब आजोबांवर गेलाय हो!

माझ्या अंगाची लाही लाही झाली. परक्या बाईसमोर आमच्या बाबांचं हसं. पुढे होऊन टिल्लूचा दंड धरला आणि ओरडले… काय ओरडले म्हणजे… ओरडले की, आजोबांसारखा लंगडतोस? लाज नाही वाटत? पुन्हा लंगडा चाललास तर बघ.

हॅलो?… आहेस ना?

हो. म्हणाले. दोन वेळा म्हणाले… बाबा तिथेच होते. हातभर अंतरावर. वकीलबाईंचं हसू तिथल्या तिथे विरलं. नंतर येते म्हणाल्या आणि सटकल्या.

अगं, एवढ्यावर थांबले असते तर… थांब, संपलं नाही अजून. टिल्लू म्हणाला, आई, गुडघा दुखतो. मी म्हटलं, नाटकं पुरेत. दारापासून गॅलरीपर्यंत सरळ चालून दाखव. जमेपर्यंत चालायचं… हो गं, त्याच पायाने. सहा फेऱ्या मारायला लावल्या. चौथ्या फेरीपर्यंत रडत होता. पाचव्या फेरीला रडायचा थांबला, ओठ आत घेतले आणि सरळ चालला. आणि मी काय म्हटलं असेन? मी म्हटलं, बघ, येतंय की नाही!

बोल ना काहीतरी… नको, नको बोलूस.

बाबा मधे एकदा म्हणाले. एवढंच म्हणाले, पोरी, दुखत असेल त्याला. मी त्यांच्याकडे न बघताच म्हटलं, बाबा, तुम्ही मधे पडू नका, तुम्हाला बघूनच शिकलाय तो हे.

असं म्हणाले मी. ज्या माणसाने माझ्या बाळंतपणात रात्रीच्या रात्री पोर खांद्यावर घेऊन काढल्या, त्याला असं म्हणाले. संध्याकाळी दुकानातून येते तर बाबा कपडे करून खुर्चीत बसलेले, पायाशी पिशवी. म्हणाले, चार दिवस मुलीकडे जाऊन येतो. मी थांबा म्हटलं नाही गं. मला वाटलं, रागावलेत. आणि खरं सांगू का, बरंच वाटलं मला. तोंड दाखवायला लागणार नव्हतं.

हो, तुझ्या भावाला माहीत नाही यातलं काही. तो रविवारी येतोय दौऱ्यावरून. आल्यावर सांगेन… मीच सांगेन म्हटलं ना, तू नको सांगूस.

बुधवारी?… बुधवारी शाळेत गेला. सरळ चालत गेला! मी आपली खूश. मला काय माहीत, पोर दात-ओठ खाऊन चालतंय. गुरुवारी सकाळी बघते तर पलंगावरून उतरून हातांवर सरपटत बाथरूमकडे चाललेला. मला वाटलं गाडी-गाडी खेळतोय. म्हटलं, उठ, उशीर होतोय. तर काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, आई, मी चालतच नाहीये. म्हणजे मी नक्कल पण करत नाहीये.

…थांब जरा. पाणी पिते.

हं. आले.

मग उचलला आणि पळाले. आणि दवाखान्यात काय झालं ऐक. डॉक्टरीणबाई पाय उचलतात, आत वळवतात, बाहेर वळवतात, इथे दुखतं का रे? हा म्हणतो नाही. इथे? नाही. डोळ्यांतून पाणी चाललंय, कपाळावर घाम, आणि नाही दुखत म्हणतो. आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे बघतो. मग म्हणाल्या, जरा चालून दाखव राजा, तर हा टेबलावरून उतरला आणि सरळ चालायला लागला. तीन पावलांत कोसळला असता, त्यांनीच धरला. म्हणाल्या, दुखतंय की नाही यावर माझं सगळं अवलंबून आहे हो, आणि हा लपवतोय. याला सरळ चालायला कुणी लावलं?

आणि मी… मेल्याहून मेल्यासारखं होतंय सांगताना. मी म्हटलं, शाळेतले खेळाचे सर जरा कडक आहेत.

हो! म्हटलं! ते बिचारे सर. टिल्लूच्या बुटांची नाडी रोज तेच बांधतात. डॉक्टरीणबाई इतक्या चिडल्या की शाळेला चिठ्ठीच लिहून दिली, दुखणाऱ्या मुलाला सक्तीने चालायला लावू नये म्हणून. खाली सही, शिक्का. पर्समध्ये आहे माझ्या. पर्स उघडायची भीती वाटते. आणि टिल्लू ऐकत होता गं सगळं. त्याला माहीत होतं कुणी लावलं ते. माझ्याकडे बघितलं आणि गप्प बसला. एवढंसं पोर, पाच वर्षांचं, आईचं खोटं पोटात घालून बसलं.

मग फॉर्म भरायला दिला. कोणता पाय? मी लिहिलं, उजवा. आणि लिहिता लिहिता हातातलं पेन थांबलं. बाबांचा डावा आहे ना गं… हो ना! टिल्लू दूधवाल्याची नक्कल करतो तेव्हा कोणत्या हातात किटली असते तेसुद्धा चुकत नाही. नक्कलच करायची असती तर तो पाय चुकला असता का? एवढं साधं दिसलं नाही मला. पडद्याच्या दोन बाजूंतला सुतभर फरक दिसतो, आणि पोटच्या पोराचा पाय दिसला नाही.

…हो, सोमवारी परत बोलावलंय. तेव्हा सांगणार आहे त्यांना, मीच लावलं म्हणून. सरांकडेही जाणार. नको, तू नको येऊस सोबत. एकटीच जाईन.

झालं. एवढंच होतं. आता काय बोलायचं ते बोल. शिव्या घाल, ऐकून घेते.

…काय?… मघाशी काय सांगत होतीस?… हो, बाबांचं. मी मधेच तोडलं तुला. सांग.

गॅलरीत?… सकाळी सहापासून?… फेऱ्या म्हणजे कसल्या फेऱ्या?… भिंतीला हात न लावता?… अगं पण त्यांना आधाराशिवाय… पडले?… मग? लागलं नाही ना?… कठड्याला धरलं, बरं… तीन दिवस रोज?… आणि तू आत्ता सांगतेस?… हो, मीच बोलू दिलं नाही, बरोबर आहे तुझं. पाय सुजलाय का?… आतली सळई… हो, माहीत आहे, डॉक्टरांनी जास्त चालायला मनाईच केलीय त्यांना.

तू विचारलंस का, कशासाठी म्हणून?… काय म्हणाले?… पुन्हा सांग… सवय मोडतोय?

कसली सवय?

…नाही. नाही गं. असं म्हणाले?… सरळ चालता आलं की परत जातो… पोरानं माझं बघून… अगं बाई, काय करून बसले मी हे.

मला वाटलं रागावून गेले. रागावून गेले असते तर किती बरं झालं असतं. त्यांनी खरं मानलं गं माझं. बावीस वर्षांपूर्वी मोडलेला पाय, आणि ते त्याला सरळ करायला बसलेत, कारण मी म्हटलं…

दे. दे त्यांना फोन. आत्ता दे… फेरी पुरी होऊ दे काय, थांबव त्यांना! खुर्ची दे आणि फोन दे.

…

बाबा?… हो, मी. जेवले हो, जेवले. तुम्ही बसलात का आधी?… बसा म्हणतेय ना. हं.

बाबा, ती नक्कल नव्हती. टिल्लूचा पायच दुखत होता. तुम्ही म्हणालात तेच खरं होतं… खुब्याला सूज आहे… नाही, तुमचं बघून नाही. बघून असं काही लागत नाही… नाही हो, रक्तातून पण नाही. तुम्ही खांबावरून पडलात, ते नातवाच्या रक्तात कसं जाईल?… सर्दीमुळे. साध्या सर्दीमुळे… जाणार, पूर्ण जाणार. दहा-बारा दिवसांत… नक्की. मला बरं वाटावं म्हणून नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या… आयुष्यभर नाही बाबा. नाही. अजिबात नाही राहणार.

…बाबा? रडू नका ना… बरं, रडा.

मी जे बोलले तुम्हाला… नाही, जाऊ दे म्हणू नका. नेहमी तुम्ही जाऊ दे म्हणता आणि आम्ही सुटतो. मी वाईट बोलले. वकीलबाईंसमोर माझी मान खाली गेली, म्हणून तुमची घातली मी. तुमची बाजू घेतेय असं वाटत होतं मला, आणि… चुकले, बाबा. मला लाज वाटते माझी.

…हो… हो… ते तुमचं मोठेपण झालं.

आज या ना घरी. मी घ्यायला… का?… पोरगा बरा झाला की?… नाही बाबा. बरा झाल्यावर नको. आत्ताच या. ऐका माझं. डॉक्टरीणबाईंनी पायावर भार द्यायचा नाही म्हणून सांगितलंय, आणि तो देतो. मी समोर असले की पाय सरळ टाकतो. उचलून नेते म्हटलं तर मला येतं म्हणतो, आणि घाम फुटेपर्यंत चालतो. मी पाठ वळवली की मग लंगडतो… हो बाबा. लंगडतो. किती विनवलं त्याला, लंगड रे राजा, दुखतंय तर लंगड, आई काही म्हणणार नाही. माझ्यावर विश्वासच नाही त्याचा. तुम्ही सांगितलंत तर ऐकेल. तुम्ही पुढे चाला, तुमचं चालणं जसं आहे तसं, तो मागून येईल. माझ्याच्याने नाही होत आता ते.

…येता?… नाही, सरळ-बिरळ काही नको. भिंतीला हात लावून या. सबंध भिंत काळी झाली तरी चालेल मला.

हो… ती सोडेल ना गाडीने? बरं.

एक मिनिट, बाबा… उठलाय वाटतं तो. दार वाजलं… हो, पॅसेजमध्ये आलाय. बाथरूमला जायचं असेल… नाही, मी नाही बघत त्याच्याकडे. भिंतीकडे तोंड करून उभी आहे… जा रे राजा, सावकाश जा. आई फोनवर आहे. आईचं लक्ष नाही.

…ऐकू येतंय. एक पाय टेकतोय, एक उचलतोय… थांबला. मी बघतेय का ते बघत असेल… नाही, नाही वळणार मी. पोचू दे त्याला.

तुम्ही निघा, बाबा. ठेवते.